एक्सपायरी डेट वेबसाइटलाही असते

ऑगस्ट २०२०. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कोरोनाची साथ जोरात होती, पण आकडे मात्र उतरताना दिसत होते. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी महिन्याच्या सुरुवातीला तसे सांगितलेही. काही दिवसांतच, ७ ऑगस्टला, राज्याचे आरोग्य सचिव डॉ. मार्क गाली यांना खुलासा करावा लागला. प्रयोगशाळांकडून आलेल्या अडीच ते तीन लाख नोंदी राज्याच्या संगणक यंत्रणेत तुंबून राहिल्या होत्या. त्या सगळ्या कोरोनाच्या नव्हत्या, पण किती होत्या हे एकेक उघडून पाहिल्याशिवाय कळणार नव्हते.

कारणे दोन होती. २५ जुलैला एक सर्व्हर बंद पडला आणि त्यानंतर केलेली तात्पुरती सोय वेळेवर काढली गेली नाही. दुसरे कारण अधिक साधे होते. एका मोठ्या खासगी प्रयोगशाळेकडून ३१ जुलै ते ४ ऑगस्ट असे पाच दिवस राज्याला अहवालच मिळाले नाहीत. राज्याने एका डिजिटल सर्टिफिकेटचे नूतनीकरण वेळेत केले नव्हते. प्रयोगशाळेत नमुने तपासले जात होते, अहवाल तयार होत होते, पण दोन संगणकांमधला दरवाजा बंद झाला होता.

कोणत्या काउंटीत शाळा उघडायच्या, कुठे निर्बंध ठेवायचे, हे त्या काळात याच आकड्यांवर ठरत होते. बाधिताच्या संपर्कातील माणसे शोधणाऱ्या पथकांचे काम तर अहवाल हातात आल्यावरच सुरू होते. साथीत पाच दिवस म्हणजे एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे विषाणू पोहोचायला पुरेसा काळ. हा घोळ औषधाचा नव्हता, डॉक्टरांचा नव्हता. एक तारीख कुणाच्या लक्षात राहिली नव्हती.

ही तारीख नेमकी कसली? मोबाइलवर बँकेची, रुग्णालयाची किंवा सरकारी योजनेची वेबसाइट उघडली की तिच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असतात. त्यातला शेवटचा ‘एस’ सुरक्षेचा. पान उघडण्याच्या क्षणी समोरचा सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवतो. ‘मी खरोखर याच पत्त्याचा सर्व्हर आहे आणि अमुक संस्थेने याची खात्री केली आहे’ असा त्याचा मथितार्थ. त्यावर दोन तारखा असतात: कधीपासून ग्राह्य आणि कधीपर्यंत ग्राह्य. दुसरी तारीख उलटली की ब्राउझर पडदाभर इशारा दाखवतो, की तुमचे कनेक्शन खासगी नाही.

डॉक्टरांना हे चटकन समजते. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, त्यासाठी शिक्षणाचे क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. नोंदणी संपलेल्या दिवशी सकाळी डॉक्टरांचे ज्ञान नाहीसे होत नाही. फक्त परिषद त्यांची हमी घेत नाही. सर्टिफिकेटचेही तसेच. मुदत संपली म्हणून त्याच क्षणी कुणी माहिती चोरत नाही, सांकेतिक भाषेचे कुलूपही लगेच मोडत नाही. समोरचा तोच आहे की तोतया, हे सांगणारा साक्षीदार मात्र उठून गेलेला असतो.

औषधाच्या एक्सपायरीशी तुलना मात्र अर्ध्यावर सोडावी लागते. औषधाच्या पट्टीवर छापलेली तारीख म्हणजे सांगितल्याप्रमाणे साठवल्यास तोवर औषध पूर्ण गुणाचे राहील, ही उत्पादकाची हमी. अमेरिकी लष्करासाठी १९८६ पासून चाललेल्या तपासणी कार्यक्रमात नीट साठवलेली बरीच औषधे छापील तारखेनंतर काही वर्षे गुणकारी राहिल्याचे आढळले. (म्हणून घरातल्या जुन्या गोळ्या घ्याव्यात असे नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतली पट्टी म्हणजे लष्कराचे कोठार नव्हे.) औषध हळूहळू उतरते. सर्टिफिकेट उतरत नाही, सेकंदावर संपते. आणि हे सेकंद ग्रिनिच वेळेने मोजलेले असतात. अनेक सर्टिफिकेटांची मुदत तिथल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५९ सेकंदांना संपते. तेव्हा भारतात दुसऱ्या दिवसाची पहाट, साडेपाचला एक सेकंद कमी, झालेली असते. रात्रपाळीत व्यवस्थित चाललेली ऑनलाइन नोंदणी सकाळी केसपेपरची खिडकी उघडताना बंद, असा प्रकार त्यामुळे घडू शकतो. बाहेर रांग लागलेली, आत कारकून तोच बटन पुन्हा पुन्हा दाबतो आहे आणि नेट तर चालू आहे.

एवढे अडचणीचे असेल तर मुदत ठेवायचीच कशाला? कारण सर्टिफिकेटबरोबर एक गुप्त किल्ली असते, ती चोरीला जाऊ शकते. वेबसाइटचा मालक बदलतो. जुनी गणिती पद्धत कमकुवत ठरते. चोरीला गेलेले सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय आहे, पण प्रत्येक ब्राउझर प्रत्येक वेळी रद्द झालेल्यांची यादी तपासतोच असे नाही. म्हणून मुदतच आखूड ठेवणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. पूर्वी पाच वर्षांची सर्टिफिकेट मिळत. सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये पुढचे वेळापत्रक मंजूर केले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस. वर्षातून एकदा करायचे काम वर्षातून आठ वेळा करावे लागणार.

इथे माणसाच्या मेंदूचा प्रश्न येतो. भूतकाळ आठवणे ही एक स्मृती आणि पुढे करायचे काम योग्य वेळी आठवणे ही दुसरी. मानसशास्त्रात या दुसरीला भावी स्मृती म्हणता येईल असे वेगळे नाव आहे. गिल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल या संशोधकांनी १९९० मध्ये तिच्यातले दोन प्रकार वेगळे करून दाखवले. ‘सिस्टर भेटल्या की निरोप द्यायचा’ हे प्रसंगावर टांगलेले काम. सिस्टर दिसल्या की आठवते. ‘दुपारी चार वाजता गोळी घ्यायची’ हे घड्याळावर टांगलेले काम. चार वाजता समोर काहीच येऊन उभे राहत नाही, आठवण स्वतःच्या आतून यावी लागते. हा दुसरा प्रकार माणसाला जड जातो. रक्तदाबाच्या रुग्णांची गोळी चुकते ती बहुतेक वेळा याच वाटेने, बेफिकिरीने नव्हे. सर्टिफिकेटची तारीख तर शंभर किंवा दोनशे दिवसांनी येणारी. ती लक्षात ठेवण्याची अपेक्षा कुणाकडूनही करणे म्हणजे शरीररचनेच्या विरुद्ध जाणे.

यावर अनेक ठिकाणी वापरला जाणारा एक स्वस्त उपाय म्हणजे चॅट बॉट. बॉट म्हणजे गप्पांच्या अ‍ॅपमधला एक सदस्य, ज्याच्यामागे माणूस नसून छोटा प्रोग्राम असतो. टेलिग्रामवर असा बॉट तयार करणे सोपे आहे. तिथे बॉटफादर नावाचाच एक बॉट आहे. त्याला संदेश पाठवला की तो नव्या बॉटची नोंद करून एक लांबलचक टोकन देतो. ते टोकन म्हणजे बॉटची किल्ली, ते कुणाला दाखवायचे नाही. मग प्रोग्रामला वेबसाइटची यादी द्यायची. तो रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक वेबसाइटचे दार ठोठावतो. सर्व्हर नेहमीप्रमाणे प्रमाणपत्र पुढे करतो. प्रोग्राम त्यावरची शेवटची तारीख वाचतो, आजची तारीख वजा करतो आणि उरलेले दिवस ठरलेल्या मर्यादेखाली गेले असतील तर ग्रुपवर निरोप टाकतो: नोंदणीच्या वेबसाइटचे सर्टिफिकेट ७ दिवसांनी संपेल. घड्याळावर टांगलेले काम असे प्रसंगावर टांगले जाते. निरोप आला, म्हणजे सिस्टर भेटल्या.

यासाठी कुणाचा पासवर्ड लागत नाही, कारण प्रमाणपत्र उघडच असते. कुणीही आले तरी सर्व्हर ते दाखवतो. बॉटला सर्व्हरच्या आत शिरायचेही नसते. त्याने बाहेरूनच पाहणे जास्त चांगले. आजकाल पुष्कळ ठिकाणी नूतनीकरण आपोआप होते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी सेवा २०१५ पासून ९० दिवसांची सर्टिफिकेट फुकट देते आणि नूतनीकरणाचे काम सर्व्हरवरचा प्रोग्रामच करतो. पण नवे सर्टिफिकेट डिस्कवर येऊन बसते आणि सर्व्हर मात्र स्मृतीत भरलेले जुनेच दाखवत राहतो, असे होते. फाइल तपासणाऱ्याला सगळे ठीक दिसते. वॉर्डातल्या इमर्जन्सी ट्रॉलीचे असेच आहे. रजिस्टरमध्ये अ‍ॅड्रिनॅलिनची नवी बॅच चढलेली असते आणि ट्रॉलीच्या खणात जुनेच अँप्युल असते. रजिस्टर वाचून ट्रॉली तपासली असे कुणी म्हणू नये. खण उघडावा लागतो.

लेट्स एन्क्रिप्टकडून पूर्वी मुदत संपण्याआधी इशाऱ्याचा ईमेल येत असे. ४ जून २०२५ पासून तो बंद झाला. बहुतेकांचे नूतनीकरण आपोआप होते, ईमेल पाठवण्याचा खर्च होतो आणि लाखो ईमेल पत्ते साठवून ठेवणे हाच खासगीपणाला धोका, अशी कारणे त्यांनी दिली. ती पटण्याजोगी आहेत. पण ज्या छोट्या संस्था त्या ईमेलवरच विसंबून होत्या, त्यांच्यावर आता आपली सोय आपण करण्याची वेळ आली.

सोय करताना पहिला मोह होतो तो भरपूर इशारे लावण्याचा. साठ दिवस उरले, पंचेचाळीस, तीस, एकोणतीस, रोज सकाळी सगळ्या वेबसाइटची जंत्री. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही पुढे काय होते ते ठाऊक आहे. तिथल्या यंत्रांच्या एकूण गजरांपैकी ७२ ते ९९ टक्के खोटे किंवा निरर्थक असल्याचे वेगवेगळ्या अभ्यासांत आढळले आहे. रुग्ण कुशीवर वळला, बोटावरची क्लिप सरकली, की यंत्र ओरडते. काही तासांनी कानाला तो आवाज ऐकूच येईनासा होतो, किंवा कुणीतरी तो बंद करून ठेवतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनकडे जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात गजरांशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली. त्यांपैकी ८० रुग्ण दगावले. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामचा गजबजलेला ग्रुप म्यूट करायला तर एक बोट पुरते.

म्हणून बॉटने कधी बोलावे हे ठरवताना डोके लावावे. ९० दिवसांच्या सर्टिफिकेटचे नूतनीकरण साधारणपणे ३० दिवस उरले असताना आपोआप होते. तेव्हा ३० दिवसांना ओरडण्यात अर्थ नाही. पण २० दिवस उरले आणि तरीही तारीख जुनीच, तर यंत्रणा कुठेतरी अडकली आहे. हा खरा गजर. हाताने नूतनीकरण होणाऱ्या ठिकाणी मात्र, जिथे फाइल वर जाणार, मंजुरी येणार, बिल निघणार, तिथे ४५ दिवससुद्धा कमी पडतात.

आणि बॉट अगदीच गप्प झाला तर? गप्प आहे म्हणजे सगळे ठीक, असे समजण्याची मोठी किंमत इक्विफॅक्स या अमेरिकी पतमापन कंपनीने मोजली. तिच्या जाळ्यातून जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारे एक उपकरण होते. त्या उपकरणावरचे सर्टिफिकेट संपले आणि अनेक महिने कुणाच्या लक्षात आले नाही. उपकरण चालूच होते, दिवे लागलेले होते, फक्त त्याला सांकेतिक माहिती उलगडून वाचता येत नव्हती. २९ जुलै २०१७ रोजी नवे सर्टिफिकेट बसवले आणि त्याच दिवशी संशयास्पद वाहतूक दिसली. चोर ७६ दिवस आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. मॉनिटरची तार रुग्णाच्या छातीवरून सुटलेली असावी आणि पडदा शांत आहे म्हणून सगळ्यांनी निश्चिंत असावे, असा हा प्रकार. यासाठी चांगला बॉट आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक ओळ टाकतो: चौदा वेबसाइट तपासल्या, सर्व ठीक. सोमवारी ती ओळ आली नाही की बॉटच आजारी आहे हे कळते.

बॉटच्या मर्यादाही आहेत. यादीत जे नाव नाही, ते तो पाहत नाही. २०१८ च्या ६ डिसेंबरला ब्रिटनमधील ओटू या मोबाइल कंपनीचे डेटा नेटवर्क कोसळले. तिच्या जाळ्यावर तीन कोटींहून अधिक ग्राहक होते आणि लंडनच्या बसथांब्यांवरचे वेळ दाखवणारे फलकही बंद पडले. जपानमध्ये सॉफ्टबँकचेही तेच झाले. एरिक्सनने पुरवलेल्या सॉफ्टवेअरमधले एक सर्टिफिकेट संपले होते. असे सर्टिफिकेट कुठल्याही वेबसाइटवर दिसत नाही, यंत्राच्या पोटात असते. रुग्णालयातही रक्ततपासणीचे यंत्र, एक्स-रेची चित्रे साठवणारा सर्व्हर आणि नोंदणीची प्रणाली आपापसात बोलत असतात. बाहेरचा बॉट तिथे पोहोचू शकत नाही. रुग्णालयाच्या आतल्या जाळ्यातच दुसरा प्रोग्राम बसवावा लागतो. आणि अशा ठिकाणी इशारा बाजूला सारून पुढे जाणारा माणूसही नसतो. यंत्र यंत्राला नाही म्हणते, तिथेच काम थांबते. कॅलिफोर्नियात हेच झाले. विसरलेली वेबसाइट शोधायला मात्र मदत आहे: ब्राउझर मान्य करतात अशा सर्टिफिकेटांची नोंद आता सार्वजनिक वह्यांमध्ये होते आणि एखाद्या संस्थेच्या नावावर किती निघाली आहेत ते तिथे शोधता येते. तीन वर्षांपूर्वीच्या शिबिरासाठी काढलेले आणि मग सोडून दिलेले पान हमखास सापडते.

सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने प्रश्न असा, की मोबाइलवर तो इशारा दिसला तर काय करायचे. आधी आपलीच तारीख पाहावी. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला की त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि एकूण एक वेबसाइट ‘अवैध’ दिसू लागतात. एकाच वेबसाइटवर इशारा येत असेल तर दोष तिकडचा. मग आधार क्रमांक, पासवर्ड, कार्डाचा तपशील काहीही भरू नये, थोड्या वेळाने पाहावे किंवा फोन करावा. ‘तरीही पुढे जा’ ही सवय वाईट. देवदत्त आखवे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्रोम वापरणाऱ्यांनी अशा इशाऱ्यांपैकी ७० टक्के ओलांडले, फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी ३३ टक्के. माणसे साधारण सारखीच, इशारा दाखवण्याची पद्धत वेगळी. चांगल्या संस्थेचे संपलेले सर्टिफिकेट चार वेळा ओलांडले की पाचव्या वेळी खऱ्या तोतयाचेही त्याच अंगठ्याने ओलांडले जाते.

उलट, कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे वेबसाइट प्रामाणिक, हेही खरे नाही. फसवणूक करणारेही फुकटचे सर्टिफिकेट घेतात. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलूप काढून टाकले. पत्त्याची अक्षरे वाचण्याला पर्याय नाही.

रुग्णालयात असा बॉट लावणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. टेलिग्रामवर बॉटशी होणारे संभाषण दोन टोकांमध्ये बंदिस्त नसते, ते कंपनीच्या सर्व्हरवरून जाते. वेबसाइटचे नाव आणि तारीख गेली तर बिघडत नाही, ती उघडच आहेत. पण सोय झाली म्हणून त्याच ग्रुपवर रुग्णांचे अहवाल टाकायला सुरुवात होते, ती होऊ देऊ नये. दुसरे असे, की निरोप कुणाला जातो हे वर्षातून दोनदा तरी पाहावे. सरकारी खात्यात बदल्या होतात, कंत्राटी अभियंत्याचे कंत्राट संपते, आणि बॉट इमानेइतबारे अशा माणसाला कळवत राहतो, जो आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि ज्याने तो ग्रुप केव्हाच म्यूट केला आहे. ग्रुपमध्ये किमान तिघे असावेत, त्यातला एक कार्यालयाचा कायम फोन, आणि निरोप आल्यावर ‘मी पाहतो’ असे एकाने लिहून टाकावे. ट्रॉलीच्या रजिस्टरमध्ये पाळीच्या सिस्टर सही करतात, तशी.